फॅटी लिव्हर: ग्रेडच्या मागे लागू नका, लिव्हर किती कडक झालंय ते विचारा

या वेळच्या पत्रांत फॅटी लिव्हरच जास्त आहे. बहुतेकांची अडचणही सारखीच, रिपोर्ट हातात आहे पण आतले आकडे कळत नाहीत, आणि डॉक्टरांकडे इतकी गर्दी होती की विचारायचं राहून गेलं. मी रोज सोनोग्राफीच्या खोलीत बसणारी डॉक्टर, त्यामुळे हे चेहरे माझ्या ओळखीचे आहेत, टेबलावरून उतरायच्या आधीच लोक विचारतात, डॉक्टर, कुठली ग्रेड? (सोनोग्राफीत लिव्हरवर किती चरबी दिसते, त्याची ही पायरी.) म्हणून हा पूर्ण भाग त्यालाच देतेय. पत्र लिहिणाऱ्यांची नावं काढलीयत, गाव तेवढं ठेवलंय. एक विनंती, इथलं उत्तर वाचून स्वतःच्या गोळ्या चालू-बंद करू नका, ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

प्रश्न: वय ४६, वजन ८४ किलो. मुतखड्यासाठी सोनोग्राफी केली तर त्यात ग्रेड २ फॅटी लिव्हर निघालं. मग फायब्रोस्कॅन (लिव्हरची चरबी आणि कडकपणा मोजणारी तपासणी) करायला सांगितला. त्यात कॅप ३०१ आणि ६.१ केपीए असं आलंय. ३०१ बघून बायको रडायलाच लागली. साखर बॉर्डरवर आहे. रक्तात लिव्हरचे आकडे एसजीओटी ३४, एसजीपीटी ४९, प्लेटलेट २ लाख ३० हजार. मला सिरॉसिस (लिव्हर व्रणांनी भरून कडक होणं) होणार का? — एक वाचक, डिचोली

उत्तर: आधी वहिनींना सांगा की ३०१ हा चरबीचा आकडा आहे, लिव्हर खराब झाल्याचा नाही. फायब्रोस्कॅन एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टी मोजतो आणि रिपोर्टमध्ये त्या शेजारी-शेजारी छापतात, त्यामुळे मोठा आकडा दिसला की माणूस तोच धरून बसतो.

कॅप म्हणजे आवाजाची लहर लिव्हरमधून जाताना किती विरते ते. चरबी जास्त असली की लहर जास्त विरते. हे माप १०० ते ४०० च्या दरम्यान येतं, २७५ च्या वर गेलं की लिव्हरमध्ये चरबी आहे असं बहुतेक डॉक्टर धरून चालतात. तुमच्यात आहे, चांगली भरपूर आहे, त्यात वाद नाही, सोनोग्राफीनेही तेच सांगितलं होतं.

आता ६.१ बघा, खरा महत्त्वाचा आकडा हा. मशीनचं टोक तुमच्या उजव्या बरगड्यांच्या मधल्या फटीत टेकवून टिचकी मारल्यासारखा एक हलका ठोका देतात, आठवत असेल तुम्हाला. त्या ठोक्याची थरथर लिव्हरमधून किती वेगात पुढे जाते ते मशीन मोजतं. कपडे वाळत घालायची दोरी ताणून बांधलेली असली तर एका टोकाला दिलेला झटका दुसऱ्या टोकाला पटकन पोचतो, सैल असली तर मधेच विरतो, तसंच हे, लिव्हर जितकं कडक तितकी थरथर वेगात. हा कडकपणा किलोपास्कलमध्ये लिहितात, तेच तुमचं केपीए. फॅटी लिव्हरच्या पेशंटमध्ये हा आकडा ८ च्या खाली असेल तर आत मोठ्या प्रमाणात जखमेचे व्रण, म्हणजे फायब्रोसिस, असण्याची शक्यता फार कमी. ८ ते १२ च्या मधे असेल तर आणखी तपासावं लागतं, १२ च्या वर गेला तर लिव्हरच्या तज्ज्ञाकडे जायलाच हवं.

आणि तुम्ही रक्ताचे आकडे पाठवलेत ते फार बरं केलं, कारण त्यातून फुकटात आणखी एक हिशेब निघतो, त्याला फिब-४ म्हणतात. वयाला एसजीओटीने गुणायचं, आणि त्याला प्लेटलेट हजारांत घेऊन गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, याने भागायचं. तुमचं ४६ गुणिले ३४ म्हणजे १५६४, खाली २३० गुणिले ७ म्हणजे १६१०, उत्तर साधारण ०.९७. हे १.३ च्या खाली असलं की धोका कमी. रक्त आणि मशीन दोघंही एकच सांगतायत, तेव्हा आज तुमच्या लिव्हरला सिरॉसिस नाही आणि त्या वाटेवर ते फार पुढे गेलेलं दिसत नाही.

पण म्हणून सोडून देऊ नका, कळकळीने सांगतेय. साखर बॉर्डरवर असलेल्या माणसात हे पुढे सरकू शकतं, आणि फॅटी लिव्हरच्या पेशंटचा जीव जायचं सगळ्यात मोठं कारण लिव्हर नाही तर हृदयविकार असतो, त्यामुळे बीपी, साखर, कोलेस्टेरॉल यांच्याकडे तितकंच बघायला हवं. वजन ५ टक्के उतरलं तरी चरबी कमी व्हायला लागते, ७ टक्के म्हणजे तुमच्या बाबतीत जवळपास ६ किलो उतरले तर आतली सूजही बसते, आणि १० टक्के उतरवणाऱ्यांत व्रणसुद्धा मागे हटलेले दिसलेत. हे सावकाश करायचं, उपाशी राहून नाही. रात्रीच्या शीताचा ढीग निम्म्यावर आणा, मैद्याच्या पावाऐवजी कोंड्याची पोई घ्या तीसुद्धा एकच, कोल्ड्रिंक आणि बाटलीतला ज्यूस पूर्ण बंद, हुमण-मासे खा, फक्त रवा लावून तेलात तळलेले रोज नकोत.

फायब्रोस्कॅन परत कधी? तुमच्यासारख्याला वर्ष-दोन वर्षांनी पुरे. दर तीन महिन्यांनी करून ६.१ चे ६.७ झाले म्हणून झोप उडवून घेऊ नका, एवढा फरक मोजण्यातच पडतो.

प्रश्न: माझ्या मिस्टरांची सोनोग्राफी एका ठिकाणी केली तर ग्रेड १, तीन आठवड्यांनी दुसऱ्या ठिकाणी केली तर ग्रेड ३. यातला खोटा रिपोर्ट कुठला? — एक गृहिणी, फोंडा

उत्तर: ताई, खोटा कुठलाच नसणार. ग्रेड कशी ठरते ते सांगते. पोटाला जेल लावून आम्ही प्रोब, म्हणजे मशीनचं हातातलं टोक, बरगड्यांखाली टेकवतो, दीर्घ श्वास घेऊन रोखायला सांगतो, म्हणजे लिव्हर खाली सरकतं आणि स्क्रीनवर लिव्हर आणि उजवी किडनी एकाच चौकटीत दिसतात. निरोगी लिव्हर किडनीच्या जवळपास त्याच करड्या रंगाचं असतं. चरबी भरली की ते पांढुरकं, चकचकीत दिसायला लागतं आणि किडनी त्याच्या शेजारी काळी वाटते. चरबी आणखी वाढली की लिव्हरमधल्या रक्तवाहिन्यांच्या ज्या बारीक पांढऱ्या कडा दिसतात त्या पुसट होतात, आणि सगळ्यात जास्त असली की आवाज खोलपर्यंत पोचतच नाही, मागचा भाग आणि डायफ्रामची, म्हणजे छाती-पोटामधल्या पडद्याची, रेघ अंधारात जाते. हे सगळं डोळ्याने ठरवायचं. मशीन कुठलं, त्याचा गेन (स्क्रीनवरचा उजळपणा) किती ठेवलाय, पेशंटचं पोट केवढं, गॅस किती, बघणारा कोण, यावर ग्रेड एका पायरीने इकडे-तिकडे होणं अगदी रोजचं आहे, दोन पायऱ्यांचा फरक जरा जास्त आहे पण तोही होतो.

आणि दुसरी बाजू पण लक्षात ठेवा. चरबी थोडी असेल, साधारण २० ते ३० टक्क्यांपेक्षा कमी पेशींत, तर सोनोग्राफीला ती दिसत नाही, त्यामुळे "लिव्हर नॉर्मल" असा रिपोर्ट आला म्हणजे चरबी शून्य असं नाही.

पण मला यापेक्षा जास्त काळजी वाटते ती वेगळीच. लोक ग्रेड ३ ला शेवटची स्टेज समजतात, कॅन्सरच्या स्टेजसारखं. ग्रेड ही फक्त चरबीची आहे, व्रणांची नाही! ग्रेड ३ असून लिव्हर मऊ असलेली माणसं मी रोज बघते, आणि ग्रेड १ लिहिलेल्या एखाद्याचं लिव्हर आतून कडक झालेलं निघतं, तो बिचारा "माझी तर पहिलीच ग्रेड" म्हणून वर्षानुवर्षं निवांत राहिलेला असतो. साध्या सोनोग्राफीत व्रण सुरुवातीला कळत नाहीत, लिव्हरची कड खडबडीत दिसायला लागली, प्लीहा वाढली, पोटात पाणी दिसलं, तेव्हा कळतं, आणि तोवर बराच उशीर झालेला असतो.

मिस्टरांचं वय आणि रक्ताचे रिपोर्ट तुम्ही लिहिलेले नाहीत. वरच्या उत्तरातला फिब-४ चा हिशेब तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडून करून घ्या. १.३ च्या वर आला तर फायब्रोस्कॅन, नाही आला तर वजन आणि साखरेवर लक्ष. मिस्टर ६५ च्या पुढचे असतील तर १.३ ऐवजी २ ही रेघ धरायची, आणि पस्तिशीच्या आतल्यांना हा हिशेब नीट लागू पडत नाही. तिसरी सोनोग्राफी नको.

प्रश्न: आई ६२ वर्षांची, १८ वर्षं डायबिटीस. बाजारात एका मंडळाने मोफत तपासणीचा कॅम्प ठेवला होता, तिथे जेवून आल्यावर लगेच तिचा फायब्रोस्कॅन केला. कॅप २३१, कडकपणा १३.४ केपीए, आयक्यूआर ३८ टक्के. सोनोग्राफी मात्र जवळपास नॉर्मल आहे, चरबी पण कमी दाखवलीय. एसजीओटी ५८, एसजीपीटी ४९, प्लेटलेट १ लाख ४२ हजार. कॅम्पमधल्या माणसाने "सिरॉसिस आहे" असं तोंडावर सांगितलं. आई त्या दिवसापासून नीट जेवत नाही. — एक मुलगी, मडगाव

उत्तर: कॅम्पमध्ये एका आकड्यावरून असं तोंडावर सांगायला नको होतं, आणि जेवल्या जेवल्या ही तपासणी करायलाच नको होती. जेवणानंतर लिव्हरकडे रक्ताचा ओघ वाढतो आणि काही तास लिव्हर आहे त्यापेक्षा कडक मोजलं जातं, म्हणून किमान तीन तास पोट रिकामं ठेवायचा नियम आहे. शिवाय आयक्यूआर ३८ बघा. हे मशीन एकाच जागी निदान दहा वेळा मोजतं आणि मधला आकडा देतं. ते दहा आकडे एकमेकांपासून किती पसरलेत ते आयक्यूआर सांगतं. ३० टक्क्यांच्या आत असेल तर भरवसा ठेवायचा, आईसारखा कडकपणा जास्त आलेला असताना ३८ असेल तर ती मोजणी धरायची नाही. हा एक आकडा रिपोर्टच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असतो, पण तो सगळ्यात आधी वाचा असं मी प्रत्येकाला सांगते.

कडकपणा खोटा वाढलेला दिसायची आणखी कारणं असतात, हिपॅटायटिसने लिव्हरला आलेली ताजी सूज, पित्तनळी अडकणं, हृदय कमजोर असल्यामुळे लिव्हरमध्ये रक्त साचणं. आईच्या पायावर सूज येते का, चालताना दम लागतो का, हे डॉक्टरांना सांगा.

आता ज्यासाठी मी हे पत्र वर घेतलं ते. फायब्रोस्कॅन बाजूला ठेवला तरी रक्ताचे आकडे मला स्वस्थ बसू देत नाहीत. ६२ गुणिले ५८ म्हणजे ३५९६, भागिले १४२ गुणिले ७ म्हणजे ९९४, फिब-४ आला ३.६ च्या वर. २.६७ च्या पुढे गेला की व्रण बरेच असण्याची शक्यता धरून पुढचं बघावं लागतं. प्लेटलेट दीड लाखाच्या खाली आहेत, एसजीओटी एसजीपीटीच्या पुढे गेलंय, डायबिटीस १८ वर्षांचा. आणि "चरबी कमी" हे इथे चांगलं लक्षण समजू नका, व्रण खूप वाढले की लिव्हरमधली चरबी कधीकधी आपोआप ओसरते, मग सोनोग्राफीला पांढरेपणा दिसत नाही आणि कॅपसुद्धा खाली येतो, घरचे म्हणतात चला, फॅटी लिव्हर गेलं.

म्हणून असं करा. सकाळी उपाशीपोटी, नेहमी हे काम करणाऱ्या माणसाकडून फायब्रोस्कॅन परत करून घ्या, आणि तो येईपर्यंत थांबू नका, बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) गॅस्ट्रोएंटरॉलॉजीत, म्हणजे पोट-लिव्हरच्या विभागात, किंवा तुमच्या ओळखीच्या लिव्हरच्या डॉक्टरांकडे वेळ घ्या. हिपॅटायटिस बी आणि सी ची रक्ततपासणी झालेली नसेल तर ती करतील. कडकपणा खरंच १२-१३ च्या पुढे राहिला तर पुढची कामं ठरलेली आहेत, एंडोस्कोपी करून अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात का बघायचं, कारण प्लेटलेट दीड लाखाच्या खाली असताना ती टाळता येत नाही, आणि सिरॉसिस नक्की झालं तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, ती चरबीसाठी नाही तर लिव्हरमध्ये गाठ येत नाही ना ते वेळेत पकडण्यासाठी. ही सहामाही सोनोग्राफी चुकवू नका, लहान असताना सापडलेल्या गाठीवर उपचार होतात.

आईला सांगा, जेवण सोडल्याने लिव्हरला मदत होत नाही, उलट मांसपेशी झिजतात. डाळ, अंडं, मासे चालतात तिला. आणि सिरॉसिस निघालं तरी ते सुरुवातीचं असेल तर साखर ताब्यात ठेवून माणसं वर्षानुवर्षं चांगली राहतात, हे मी बघतेय.

प्रश्न: वय ३३. आमच्याकडे काजूच्या सीझनला हुर्राक (काजूच्या रसाची हलकी दारू) रोज संध्याकाळी असतो, एरवी फेणी, पण फक्त शनिवार-रविवार. फायब्रोस्कॅन ७.९ आला. तपासणीच्या वेळी दारूबद्दल विचारलं तेव्हा मी नाही म्हणून सांगितलं कारण वडील बरोबर होते. त्याने काही फरक पडतो का? — एक वाचक, पेडणे

उत्तर: पडतो, बराच पडतो. लाजू नका, इथे लिहिलंत ते बरं झालं. आता डॉक्टरांना एकट्याने भेटून खरं सांगा, वडिलांना बाहेर बसवा म्हणालात तर कुठलाही डॉक्टर बसवेल.

एक म्हणजे त्या दिवसांत पिणं चालू असेल तर लिव्हरला सूज असते आणि ७.९ मधला काही भाग त्या सुजेचा असू शकतो. दारू पूर्ण बंद केल्यावर काही आठवड्यांतच आकडा खाली येतो असं दिसतं. म्हणजे तुमचा खरा कडकपणा किती हे कळायला दारू बंद ठेवून परत मोजावं लागेल, सीझनच्या मधे मोजून उपयोग नाही.

दुसरं म्हणजे निदानच बदलतं. २०२३ मध्ये फॅटी लिव्हरची नावं जगभर बदलली, तुमच्या रिपोर्टवर आता एमएएसएलडी असं दिसेल, म्हणजे वजन-साखर-बीपीशी जोडलेलं फॅटी लिव्हर. त्या गटात बसायला पुरुषांनी आठवड्याला २१० ग्रॅमपेक्षा कमी अल्कोहोल घेतलेलं असायला हवं, बायकांनी १४०. आता हिशेब करा. फेणी साधारण ४२ टक्क्यांची धरली तर ६० मिलीच्या एका पेगात २० ग्रॅम अल्कोहोल जातं. बिअरची ६५० मिलीची एक बाटली, ५ टक्क्यांची, म्हणजे २५ ग्रॅम. रोज तीन पेग फेणी घेणारा आठवड्याला ४२० ग्रॅमवर पोचतो, तिथून पुढे तो सरळ दारूच्या लिव्हरच्या गटात. हुर्राक फेणीपेक्षा हलका म्हणून लोक मोठा ग्लास भरून लिंबू, मीठ, मिरची टाकून पितात आणि दोनावर थांबत नाहीत, शिवाय घरच्या भट्टीचा किती टक्क्यांचा ते कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे "हलका आहे" हा हिशेब धरूच नका.

आणि २१० च्या खाली असलं म्हणजे चालतं असा अर्थ काढू नका, तो फक्त नाव कुठलं द्यायचं त्याचा हिशेब आहे. ज्याच्या लिव्हरमध्ये आधीच चरबी आहे, वजन जास्त आहे, त्याला थोडी दारूसुद्धा पुढे ढकलते. तुमचं वय ३३, आता थांबलात तर लिव्हर सावरायला भरपूर जागा आहे. थांबणं एकट्याने जमत नसेल, हात थरथरत असतील, तर एकदम बंद न करता डॉक्टरांच्या देखरेखीखाली करा.

प्रश्न: मी जहाजावर कूक आहे. मागच्या सुट्टीत मुंबईत फायब्रोस्कॅन केला तर ६.९ आला. या सुट्टीत इथे सोनोग्राफीच्या मशीनवर इलास्टोग्राफी (लिव्हरचा कडकपणा मोजायची तपासणी) केली तर १.५ आला. म्हणजे लिव्हर एवढं सुधारलं का? घरी सगळे खूश आहेत. — एक वाचक, वास्को

उत्तर: तुम्हाला निराश करायचं नाही, पण हे दोन आकडे एकाच मापाचे नाहीत. ६.९ किलोपास्कल आहे आणि १.५ हा बहुतेक मीटर प्रति सेकंद असणार, रिपोर्टमध्ये आकड्याच्या पुढे बघा, छोटं लिहिलेलं असेल. वेगावरून किलोपास्कल काढायचं तर वेगाचा वर्ग करून तीनने गुणायचं. दीडचा वर्ग २.२५, गुणिले तीन, ६.७५. म्हणजे मागच्या सुट्टीत होतं जवळपास तेवढंच आहे. वाढलेलं नाही ही खरोखर चांगली बातमी आहे, जहाजावरचं खाणं आणि वेळी-अवेळी झोप सांभाळून तुम्ही ते जागच्या जागी ठेवलंत.

मात्र गणिताने जुळवलं तरी दोन वेगळ्या मशीनचे आकडे एकाशेजारी एक ठेवून अर्धा-पाव पॉइंटचा फरक काढत बसू नका. या साध्या सोनोग्राफीच्या मशीनवरच्या इलास्टोग्राफीला मी कमी लेखत नाही, मी स्वतः करते, त्यात स्क्रीनवर बघून जागा निवडता येते, रक्तवाहिनी टाळता येते. १.३ च्या खाली नॉर्मल, १.७ च्या खाली आणि बाकी काही लक्षण नसलं तर मोठा आजार नाही, २.१ च्या वर गेला तर काळजीचं, असं आम्ही ढोबळ धरतो. तुम्ही एकच करा, इथून पुढे दर सुट्टीत नाही, वर्षा-दोन वर्षांनी, एकाच ठिकाणी, त्याच मशीनवर, उपाशीपोटी. आणि घरी पोचल्या पोचल्या पहिल्या आठवड्यात नको, सुट्टीला आल्यावर जेवणं, पार्ट्या, भेटीगाठी काय असतात ते मला माहीत आहे, जरा स्थिरस्थावर झाल्यावर जा.

प्रश्न: एमआरआय केला तर फॅटी लिव्हर सगळ्यात अचूक कळतं असं वाचलं. थेट तोच करावा का? बायोप्सीची भीती वाटते. — एक निवृत्त शिक्षिका, पणजी

उत्तर: बाई, अचूक आहे हे खरं. एमआरआय-पीडीएफएफ नावाचा प्रकार आहे, त्यात लिव्हरमधल्या पाण्याचा आणि चरबीचा सिग्नल वेगळा करून पूर्ण लिव्हरमध्ये किती टक्के चरबी ते काढतात. ५ टक्क्यांच्या खाली नॉर्मल. इंजेक्शन लागत नाही, एक्स-रे सारखे किरण नाहीत, श्वास रोखून काही सेकंदांचं काम असतं. नवीन औषधांच्या चाचण्यांमध्ये चरबी कमी झाली का ते यानेच मोजतात, आधीच्या मानाने ३० टक्के घट, म्हणजे २० ची १४ झाली, की लिव्हर आतून सुधारत असण्याची शक्यता बरीच वाढते.

पण तुम्हाला त्याची गरज आहे का, हा माझा प्रश्न. चरबी १७ टक्के आहे की १९, हे कळून तुमच्या उपचारात आज काही बदलत नाही, खर्च मात्र सोनोग्राफीच्या कितीतरी पट. कडकपणा मोजणारा एमआरआय वेगळा असतो, एमआर इलास्टोग्राफी, त्यात बरगड्यांवर एक छोटी थाळी बांधून ती थरथरवतात. वजन फार जास्त असेल आणि फायब्रोस्कॅनचा मोठा प्रोब लावूनही मोजता येत नसेल, पोटात पाणी असेल, किंवा रक्त एक सांगतं आणि मशीन दुसरंच, अशा वेळी तो खरा उपयोगी. प्रत्येक सेंटरला तो नसतो, आधी फोन करून विचारा. आणि त्याचाही आकडा केपीएमध्येच येतो पण माप निराळं, तिथे ३.६ च्या वर गेलं तर बरेच व्रण समजतात, फायब्रोस्कॅनमध्ये ३.६ म्हणजे अगदी मऊ लिव्हर. एका वाचकाच्या घरी याच घोळात पूर्ण चवथ (गणेश चतुर्थी) काळजीत गेली, म्हणून मुद्दाम सांगतेय. शरीरात पेसमेकर किंवा धातूचं काही असेल तर आधी सांगायचं.

बायोप्सीची भीती समजते. बहुतेकांना आता ती लागत नाही. सुईत येणारा तुकडा पूर्ण लिव्हरच्या साधारण ५० हजाराव्या भागाएवढा असतो, फायब्रोस्कॅन त्याच्या शंभरपट भाग बघतो. पण डॉक्टरांना निदानाचीच शंका असेल, दुसरा एखादा लिव्हरचा आजार असावा असं वाटत असेल, तर बायोप्सीला पर्याय नाही, तेव्हा नाही म्हणू नका.

प्रश्न: मी बारीक आहे, वजन ५४ किलो, मासे-मटण खात नाही, दारूचा थेंब नाही. तरी फॅटी लिव्हर कसं? — एक वाचक, म्हापसा

उत्तर: होतं. आपल्या लोकांत हातपाय बारीक आणि पोटात चरबी हा प्रकार बराच आहे, आणि वजनकाट्याला ती दिसत नाही. कमरेचं माप घ्या, पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० च्या वर असेल तर तेच कारण. शाकाहारी जेवणातही साखरेचा चहा दिवसातून पाच वेळा, भाजी-पाव, शेव-फरसाण, गोड असतंच. साखर, ट्रायग्लिसराइड, थायरॉइड बघून घ्या, कुठली औषधं चालू असतील, विशेषतः स्टेरॉइड, ती सांगा. बारीक असणाऱ्यांनीही वजनाच्या ३ ते ५ टक्के उतरवले तर फरक पडतो. बारीक माणसाच्या फॅटी लिव्हरकडे डॉक्टरसुद्धा कमी लक्ष देतात, तेव्हा फिब-४ तुम्ही स्वतःहून मागून घ्या.

प्रश्न: फायब्रोस्कॅनच्या आधी चहा चालतो का? आणि वारंवार केल्याने अपाय होतो का? — एक वाचक, वाळपई

उत्तर: चहा नको, दुधाचा तर नकोच. तीन तास आधीपासून काही खाऊ-पिऊ नका, गोळी घ्यायची असेल तर घोटभर पाण्याबरोबर घ्या. डायबिटीसची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर सकाळची पहिली वेळ मागा आणि उपाशीपोटी डोस घ्यायचा की नाही ते आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारा. अपाय काही नाही, किरण नसतात, दुखत नाही, पाच-दहा मिनिटांचं काम. गरोदर असाल किंवा पेसमेकर असेल तर आधी सांगा. सैल शर्ट घाला, उजवा हात डोक्यामागे घेऊन झोपावं लागतं. आणि जुने सगळे रिपोर्ट, रक्ताचेसुद्धा, तारखेप्रमाणे लावून बरोबर न्या, करणाऱ्याला मागचा आकडा, मशीन आणि प्रोब कुठला होता ते दाखवा.